काळ्यात काय बघायचं

माझ्या सासूबाईंनी माझ्या यंत्राला हरवलं, ही गोष्ट एव्हाना माणदेशातल्या मेंढ्यांनाही ठाऊक झाली आहे. मीच ती सगळीकडे सांगत सुटलो म्हटल्यावर होणारच. पण ऐकणारे निम्मीच पुढे सांगतात आणि त्यात स्वतःचं तिखटमीठ घालतात, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. मी अभिनंदन चौगुले, शिक्षणाने इंजिनिअर. कंदमुळंसुद्धा न खाणाऱ्या घरात वाढलो आणि पोट भरतो मुळांतल्या बुरशीवर. माझी आई अजून पाहुण्यांना मी "कॉम्प्युटरमध्ये" आहे असंच सांगते.

सोमवार, दोन मे २०४४. म्हसवडच्या पुढे माळावर आमचं कोरडवाहू जीवसंग्रह केंद्र आहे. त्या दिवशी केंद्र चालवणाऱ्या मंडळाकडून तीन ओळींचं पत्र आलं. संग्रह क्रमांक चार, मुळांतल्या काळ्या बुरशा, नळ्या तीनशे बारा. 'निवाडा' यंत्राच्या निष्कर्षानुसार या सर्व एकाच जातीच्या असल्याने एक नळी राखावी, उरलेल्या तीनशे अकरा मंगळवार, सतरा मेपर्यंत नष्ट कराव्यात आणि शीतपेट्या रिकाम्या करून द्याव्यात. खाली यंत्रविभागप्रमुखाच्या सहीसाठी जागा सोडलेली.

यंत्रविभागप्रमुख मी. 'निवाडा' बनवला मी. आणि त्या तीनशे बारा नळ्या माझ्या बायकोच्या.

बायकोचं नाव डॉ. वर्षाराणी हिंगमिरे. पाऊस पाठ फिरवतो त्या गावात मुलीचं नाव वर्षाराणी ठेवणाऱ्या माणसांच्या आशेला काय म्हणावं! अकरा वर्षं ती मेंढरांच्या कळपांमागून माळ तुडवत होती. कुठे कुसळी गवताचं एखादं ठोंब भर उन्हाळ्यात जिवंत दिसलं की ही गुडघ्यावर बसून मूळ काढणार, कागदात गुंडाळणार आणि वहीत लिहिणार: गाव, गवत, माती, तारीख. प्रत्येक नळीवर तिच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी आहे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची तिला दरवर्षी मीच आठवण करून देतो, पण दोनशे सातवी नळी कुठल्या ओढ्याकाठची हे ती झोपेतही सांगेल.

आता त्या नळ्यांत होतं काय, ते सांगतो. माळावरच्या कुठल्याही चिवट गवताचं मूळ धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. फिकट पेशींच्या आतून काळपट धागे गेलेले दिसतील, बांबूसारखे पेरापेराचे. ही बुरशी. पण तो रोग नव्हे, मुळातच राहायला आलेली भाडेकरू. झाड तिला साखर देतं आणि ती झाडाला दुष्काळात तग धरायला मदत करते. तिचा काळा रंग येतो मेलॅनिनमुळे. आपले केस, आपली कातडी, काळ्या मेंढीची लोकर ज्याने काळी होते, त्याच्याच नात्यातलं हे रंगद्रव्य. ते बुरशीच्या धाग्याची भिंत घट्ट करतं, ऊन अडवतं, ओल धरून ठेवतं. सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात गवताच्या मुळाशी अशी काळी सोबतीण असली तर ते जगतं, नसली तर करपतं.

अडचण ओळखण्याची. झाड जसं फुलावरून ओळखतात, तशी बुरशी ओळखतात तिच्या बीजाणूंवरून. या काळ्या बायांचे प्रयोगशाळेत कितीही लाड करा, बहुतेक जणी बीजाणू धरतच नाहीत. मग शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबलं आणि पोत्यावर लिहिलं, 'काळ्या, वांझ'. त्या पोत्याचा निकाल लावायला माझं यंत्र आलं. 'निवाडा' बुरशीच्या डीएनएतला ठरावीक सहाशे अक्षरांचा उतारा वाचायचा, सोबत तिचा फोटो काढायचा आणि चार मिनिटांत जात सांगायचा. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा बरोबर. देशभरच्या प्रयोगशाळांत तो बसवायचा की नाही हे ठरवणारी बैठकही त्याच सतरा मेला होती.

तिकडे मंडळाने दोन लाख एकर उजाड माळ गवताने झाकायचा चंग बांधला होता. गवताच्या बियांना काळ्या बुरशीचा लेप द्यायचा आणि पेरायचं. नियम असा की, जिचं नाव यंत्राने पक्कं केलंय तीच बुरशी बियांना लावायची. यंत्राने सांगितलं, तीनशे बारा नळ्या म्हणजे एकच जात. मग काय, टाकीत सगळ्यांत झपाट्याने वाढणारी अठ्ठ्याऐंशी नंबरची निवडली आणि दोन लाख एकरांवर तीच गेली. पहिल्या वर्षी माळ हिरवा झाला, आमचे फोटो आले. दुसऱ्या वर्षी तीनातल्या दोन ठिकाणी गवताचं फेब्रुवारीतच चिपाड झालं. मंडळ म्हणालं, मेंढरांनी लवकर चरलं, आणि मेंढपाळांना माळावर बंदी घातली. वर्षा म्हणाली, मेंढरांचा काही दोष नाही. तुम्ही सगळ्या मातींना एकाच मापाची चप्पल घातली आहे.

त्या सोमवारी जेवताना मी पत्र तिच्यापुढे ठेवलं.

"कधी करणार सही?" तिने विचारलं.

"वर्षा, यंत्र म्हणतंय एक, तर..."

"यंत्र म्हणतंय ते वाचलं मी. तू काय म्हणतोस?"

"माझ्या म्हणण्यावर काय आहे? डीएनए सारखाच येतो. तूच तीनदा तपासलास."

"सहाशे अक्षरं सारखी येतात. चार कोटींतली सहाशे." तिने भाकरी ताटात ठेवली. "मला त्या वेगळ्या दिसतात रे. कशा ते सिद्ध करता येत नाही, पण दिसतात. अकरा वर्षं बघतेय मी. तुझ्या कुकरमध्ये गेल्या की संपलं, परत गोळा करायला तो माळही तसा राहिलेला नाही."

कुकर म्हणजे ऑटोक्लेव्ह, नळ्या वाफेने मारायचं भांडं. ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडणात जिंकता येतं, गप्प बसलेल्या बायकोपुढे नाही.

आता सासूबाई. आक्काताई हिंगमिरे, वय एकाहत्तर, सनगरांच्या घरातल्या. सनगर म्हणजे मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणणारे. त्यांना मी 'मामी' म्हणतो, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. त्यांच्या घरात जावयाला लग्नात हातची काळी घोंगडी देतात. मला दिली नव्हती. लग्नात मी त्यांच्या मागाजवळ उभा राहून मोठ्या शहाणपणाने विचारलं होतं, "ही सगळी लोकर काळीच तर आहे, मग निवडायची कशाला?" त्यावर त्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या होत्या, "पाव्हणं शिकल्यालं दिसत्यात." बारा वर्षं झाली, घोंगडीचा पत्ता नव्हता. दर दिवाळीला टॉवेल-टोपी यायची.

एप्रिलात मामींच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालायचे, म्हणून वर्षा त्यांना रोज केंद्रात घेऊन यायची. काळा गॉगल लावून, डोक्यावर पदर घेऊन त्या प्रयोगशाळेच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला घरचं विचारायच्या. चार दिवसांत केंद्रातल्या सगळ्यांची कुळकथा त्यांना पाठ झाली. मला इथे नऊ वर्षं झाली तरी माहीत नव्हतं की शिपाईमामांच्या मुलीला जुळी आहेत.

बुधवारी, चार तारखेला, वर्षा शेवटच्या तपासणीसाठी वाढवलेल्या प्लेटा काढत होती. प्लेट म्हणजे झाकणाची काचेची चपटी बशी. तीनशे बारा बशा, प्रत्येकीत काळ्या मखमलीचा एकेक गोल. थेंब घालायची वेळ झाली म्हणून मामी आत आल्या. थेंब घालून झाले. दहा मिनिटांनी गॉगल पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या आधी त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"वर्षे, ही समदी एकाच मेंढीची म्हनतोय व्हय तुझा नवरा?"

"त्यांचं यंत्र म्हणतंय, आई."

"यंत्राला मोतीबिंदू झालाय," मामी म्हणाल्या.

मी तिथेच होतो. हसलो, म्हणजे हसल्यासारखं केलं. "मामी, तुम्हाला वेगळ्या दिसतात का? दाखवा बरं."

"आवं, घरात काळं बघत नसत्यात. दिव्याखाली तर न्हायीच. वर गच्चीवर चला, सकाळचं तिरपं ऊन पायजे. आता डोईवर आलंय, उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही तीनशे बारा झाकलेल्या बशा गच्चीवर नेल्या. मी निव्वळ सासूचं मन राखायला गेलो होतो, हे कबूल करतो. वाकायची डॉक्टरांनी मनाई केली होती म्हणून टेबलं लावली, त्यावर मामींनी पांढरं धोतर अंथरायला लावलं. मग एकेक बशी उचलायची, उन्हाकडे तिरपी धरायची, कडेकडेने बघायची आणि ठेवून द्यायची. तोंडाने चालू होतं, "ही तव्याची. ही बी तव्याची. ही कावळी, निळं मारतीया. ही जांभळी. ही करपी हाय, मधी काळी न् कडंला तांबूस." हे त्यांचे लोकरीचे शब्द; 'तव्याची' म्हणजे तव्याच्या बुडासारखी. मेंढीच्या लोकरीचे शेंडे उन्हाने भाजतात, खरा रंग बुडख्याला असतो, म्हणून त्या बशीच्या कडेपेक्षा गोलाच्या मधोमध जास्त बघत होत्या. दहा वाजले, ऊन चढलं, की काम बंद. तीन सकाळी लागल्या. शनिवारी टेबलावर नऊ ढीग होते.

मी इंजिनिअर माणूस. ढीग कोणीही घालेल, पुन्हा तसेच घालून दाखवा म्हटलं की खरी परीक्षा. रविवारी आणि सोमवारी मी सगळ्या बशांचे नंबर झाकले, बशा पिसल्या आणि काही न सांगता पुन्हा मामींच्या पुढे ठेवल्या. पंचविसाव्या बशीला त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जावाईबापू, परत तीच लोकर दाखवून माझी परीक्षा घेताय व्हय?"

"नाही मामी, म्हणजे हो."

"घ्या, घ्या. पर चहा सांगा आधी."

तीनशे बारांपैकी तीनशे पाच पुन्हा त्याच ढिगात गेल्या. सात चुकल्या म्हणून मला जरा बरं वाटलं. मग पाहिलं तर त्यातल्या तीन मीच नंबर झाकताना अदलाबदल केलेल्या होत्या.

सोमवारी दुपारी वर्षाने तिची वही काढली. मामींनी ती वही कधी पाहिलेली नव्हती, कुठली बशी कुठल्या मातीतली हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. वर्षा एकेका ढिगाचे नंबर वाचत गेली आणि मी मातीचं नाव शोधत गेलो. तव्याची म्हणजे मुरमाड उतार, एक नाही दोन नाही, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस. कावळी म्हणजे चोपण, पांढरे क्षार फुटलेली जमीन. जांभळी चुनखडीची. करपी ओढ्याकाठची काळी. पाचव्या ढिगाला वर्षाचा आवाज फाटला. सहाव्याला तिने वही माझ्या हातात दिली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. अठ्ठ्याऐंशी नंबर, जी आम्ही दोन लाख एकरांवर पेरली होती, ती फक्त तांबड्या मातीच्या ढिगात होती. ज्या एक तृतीयांश माळावर गवत टिकलं, तो सगळा तांबडा होता.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या आधी एक प्रश्न पडला. एकाहत्तर वर्षांच्या बाईला उन्हात जे दिसतं ते तेवीस लाख चित्रांवर शिकलेल्या माझ्या यंत्राला का दिसू नये? मी खाली जाऊन 'निवाडा'चा सगळा प्रोग्राम उघडला आणि फोटो वाचणाऱ्या भागात पहिल्यापासून शिरलो. मंगळवारी दुपारी ती ओळ सापडली.

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला यंत्र शून्य ते दोनशे पंचावन्न असा आकडा देतं. सात वर्षांपूर्वी, काळ्या बुरशांच्या फोटोत सावल्या फार येतात म्हणून कंटाळून, मी एक ओळ घातली होती: अठराच्या खालचं सगळं शून्य धर. म्हणजे अमुक एका गडदपणापुढे सगळं सारखंच काळं. शेजारी, नंतर आठवावं म्हणून प्रोग्रामर जशी टीप लिहितात, तशी टीपही होती माझीच. मराठीत. "काळ्यात काय बघायचं!"

उद्गारचिन्हासकट. मामींचे नऊच्या नऊ काळे त्या अठराच्या खाली होते. यंत्राला मोतीबिंदू होताच, आणि तो घातला होता मी.

ओळ काढली. गच्चीवरच्या उन्हासारखा तिरपा दिवा लावून फोटो परत काढले. यंत्राने चार तास घेतले आणि सांगितलं, गट नऊ. मामींच्या ढिगांशी ताडून पाहिले. तीनशे आठ बशा जुळल्या.

आता प्रश्न मंडळाचा. फोटो आणि सासूबाई यांच्यावर मंडळ विश्वास ठेवणार नव्हतं, आणि नसता ठेवला तर चूक म्हणता आलं नसतं. त्यावरही तोड मामींनीच काढली. "ऊन दाखवा की," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे लोकरीच्या बटा उन्हाळाभर भिंतीवर टांगतात. जी तांबूस पडते ती घोंगडीच्या मध्ये जाते, जी काळीच राहते ती काठाला, कारण काठ आधी विटतो. आमच्याकडे उन्हाळाभर वेळ नव्हता, पण अतिनील किरणांचा दिवा होता. त्याखाली पाच दिवस म्हणजे एक उन्हाळा. वर्षाने प्रत्येक ढिगातल्या दहा-दहा जणी दिव्याखाली ठेवल्या. रविवारी संध्याकाळी करप्या तांबूस झाल्या होत्या, जांभळ्या राखाडी पडल्या होत्या आणि तव्याच्या, सगळ्यांत कोरड्या मुरमातल्या, जशाच्या तशा काळ्या होत्या. प्रत्येक ढीग आपापल्या परीने विटला होता, ढिगातल्या बहिणी मात्र जवळपास एकसारख्या. वर्षाने प्रत्येक ढिगातल्या एकेकीची मेलॅनिन बनवणारी जनुकं वाचली. ती सहाशे अक्षरांच्या बाहेर होती, म्हणून आजवर कोणी वाचलीच नव्हती. नऊ ढीग, नऊ घडणी.

सोमवारी घरी मी बैठकीचे कागद चाळत बसलो होतो. उद्या बैठक. उद्या मी उभा राहून माझी ओळ दाखवली तर 'निवाडा' देशभर जायचा तो लांबणार, कदाचित जायचाच नाही. सात वर्षं मी त्याच्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

"ओळ दाखवायलाच हवी असं नाही," वर्षा अचानक म्हणाली. "नवी माहिती मिळाली, यंत्र सुधारलं, एवढंच सांग. खोटं नाही ते."

तिच्या नळ्या वाचत होत्या आणि तरी ती माझं यंत्र वाचवायला बघत होती. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "लोकर चुकली तर उसवायची असती. वरनं खळ लावून चालत न्हाय." मागाच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, ती चूक झाकायला नसते, असं त्यांचं म्हणणं. त्या भांडी लावत होत्या आणि आमचं बोलणं ऐकत नसल्याचं नाटक करत होत्या.

सतरा मेची बैठक केंद्राच्या सभागृहात झाली. मंडळाच्या अध्यक्षा सरपोतदार बाई शिस्तीच्या, करड्या आवाजाच्या. पडद्यावर मी पहिल्यांदा माझी ओळच दाखवली, टिपेसकट. सभागृहात एकजण हसला, मग बरेच हसले. मी म्हणालो, "दोष यंत्राचा नाही, माझा आहे. काळ्यात बघण्यासारखं काही नाही असं मी ठरवलं आणि यंत्राला तेच शिकवलं. तीनशे अकरा नळ्या मारण्याच्या कागदावर मी सही करणार नाही."

सरपोतदार बाईंनी चष्मा काढला. "चौगुले, दोन लाख एकर एकाच बुरशीने पेरले ते कोणाच्या निष्कर्षावर?"

"माझ्या. मेंढपाळांवरची बंदीही माझ्याच चुकीमुळे आहे. ती आज उठवावी."

"आणि हे नऊ गट कोणी पाडले?"

मी पहिल्या रांगेकडे हात केला. काळा गॉगल लावून मामी बसल्या होत्या. सरपोतदार बाई हुशार. त्यांनी वाद घातला नाही, चार बशा मागवल्या, नंबर झाकायला लावले आणि स्वतः मामींना घेऊन अंगणात गेल्या. मंडळाचे अकरा सभासद मागोमाग. सव्वानऊ वाजले होते, ऊन अजून तिरपं होतं. मामींनी बशा फिरवल्या.

"तव्याची. कावळी. तव्याची." चौथीशी थांबल्या. "बाई, ह्यात बुरशी न्हाय. हा नुसता काळा कागूद हाय."

बाईंनी पेनाच्या खोक्यातला काळा कागद कापून बशीत बसवला होता. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतरही कधी हसताना पाहिलेलं नाही, त्या दिवशी मात्र त्या हसल्या. नळ्या मारण्याचं पत्र त्यांनी तिथेच अंगणात मागे घेतलं आणि मेंढपाळांवरची बंदी दुपारच्या आत उठली. माझ्या यंत्राला वर्षभर थांबायला सांगितलं, ते रास्तच होतं.

त्या पावसाळ्यात आम्ही माळाचे नऊ तुकडे केले. मुरमाला तव्याची, चोपणाला कावळी, ज्याची माती त्याची सोबतीण. पाऊस नेहमीसारखा कंजूषच पडला. पुढच्या मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला तेव्हा मी आणि वर्षा मुरमाड उतारावर उभे होतो. गवत वाळलं होतं, उन्हाळ्यात वाळणारच, पण ठोंब जिवंत होतं. नखाने खरवडलं तर आत हिरवं. दहा जागी पाहिलं, दहाही जागी हिरवं. वर्षा खाली बसली आणि दोन्ही हातांनी ते ठोंब धरून मोठमोठ्याने रडली, गेल्या वर्षी रडायची राहिली होती तेवढं सगळं. पलीकडच्या उतारावर कळप चरत होता. कळपाच्या कुत्र्यांनी आम्हाला ओळख नसतानाही भुंकून सलामी दिली.

मग जातींना नावं द्यायची वेळ आली. जातीच्या नावामागे ती जगापुढे मांडणाऱ्याचं नाव लागतं आणि कायमचं राहतं, असा या शास्त्राचा नियम आहे. लोक आवडत्या माणसाचं नाव जातीला देतात, ते निराळं. वर्षाने शोधनिबंध लिहिला, त्यावर लेखक म्हणून पहिलं नाव घातलं आक्काताई हिंगमिरे यांचं, दुसरं स्वतःचं. मामींना समजावलं तर त्या म्हणाल्या, "बुरशीला माझं नाव? लोक हसतील मला." त्यांना नीट सांगितलं की बुरशीला तुमचं नाव नाही, बुरशी ओळखणारी म्हणून तुमचं नाव. त्यांनी कागद हातात घेतला. मग विचारलं, "म्हंजी कापडावर विनणाऱ्याचं नाव असतंय तसं?" हो म्हटल्यावर त्यांनी अक्षर अक्षर जोडून सही केली. आता जगातल्या कुठल्याही यादीत त्या नऊ काळ्यांच्या नावामागे 'हिंगमिरे' लागतं. दोन हिंगमिरे, आई आणि लेक. चौगुले कुठेही नाही. माझं नाव निबंधाच्या शेवटी आभारात आहे, टिपेबद्दल.

'निवाडा'लाही मंजुरी मिळाली, दीड वर्षाने. आता तो फोटो तिरप्या दिव्यात काढतो. ती जुनी ओळ मी पुसलेली नाही, बंद करून ठेवली आहे, नव्याने येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला पहिल्या दिवशी दाखवायला.

गेल्या फेब्रुवारीत मामी गावाहून आल्या. हातात कापडात बांधलेलं गाठोडं. त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं. उलगडलं तर घोंगडी, चौदा वर्षं उशिरा आलेली. चिंचोक्याच्या खळीचा वास अजून होता. मी हात फिरवला, अंगावर घेतली, आणि म्हणालो, "छान आहे हो मामी. काळीभोर."

"घरात बघताय व्हय," त्या म्हणाल्या. "अजून सुधारला न्हाय तुमी."

मी ती गच्चीवर नेली. सकाळचे आठ वाजले होते. कठड्यावर पसरली आणि कडेने, तिरपं बघितलं, त्या बघतात तसं. आधी काही दिसलं नाही. मग हळूहळू एकेक पट्टा सुटा होत गेला. काठाला तव्याचा, त्याच्या आत कावळी, निळसर. मग जांभळा. मग तांबूस मारणारा. बोट ठेवून मोजले. पुन्हा मोजले. वर्षाला हाक मारली, तिलाही मोजायला लावले.

"मामी," मी म्हणालो, "पट्टे दहा आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गॉगल केव्हाच सुटला होता, डोळे लख्ख होते.

"करप्यांच्या ढिगात दोन जाती हायत. मला तवाच वाटलं हुतं, पर म्हनलं, बघू कुनाला दिसतंय का आधी." त्या कठड्याला टेकल्या. "जावाईबापू, आता ही घोंगडी तुमची."

वर्षा जिना उतरून नळ्यांकडे पळाली होती.